उकिरड्यावरचे मूल

आज एक पत्र वाचू. पत्र परक्या देशातले आहे आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. पण कामासाठी घर सोडून शहरात राहिलेल्या माणसाने आपल्या बायकोला ते लिहिले आहे. त्यामुळे आपल्याला ते समजायला जड जाणार नाही.

इजिप्त तेव्हा रोमच्या ताब्यात होता. तेथल्या ऑक्सिरिंकस नावाच्या गावचा हिलारियोन हा माणूस कामासाठी अलेक्झांड्रिया या मोठ्या बंदराच्या शहरी गेला होता. घरी त्याची बायको आलिस, पोटुशी. एक लहान मूल आधीचे होते. इसवी सनापूर्वी १ या वर्षी, जूनच्या १७ तारखेला, हिलारियोनने तिला ग्रीक भाषेत चार ओळी लिहिल्या. बरोबरची माणसे परत आली आणि मी मागे राहिलो तरी काळजी करू नकोस, असे तो सांगतो. लहानग्याला जप, अशी विनवणी करतो. पगार हातात पडला की लगेच पाठवतो, असा शब्द देतो. मला विसरू नका, असा निरोप तिने कोणाबरोबर तरी पाठवलेला होता; तुला मी विसरेन कसा, असे तो उलट विचारतो. आणि मध्येच, पगाराच्या आणि विसरण्याच्या गोष्टींमध्ये, आणखी एक वाक्य आहे. बाळंत झालीस आणि मुलगा झाला तर असू दे, मुलगी झाली तर टाकून दे.

बस, एवढेच. राग नाही, कारण नाही, पुढे माफी नाही.

ग्रेनफेल आणि हंट या दोन इंग्रज संशोधकांनी १८९६ च्या हिवाळ्यापासून ऑक्सिरिंकसच्या बाहेरचे कचऱ्याचे ढिगारे उकरायला सुरुवात केली. त्या कोरड्या मातीत हजारो जुने कागद टिकून राहिले होते. कर्जाच्या चिठ्ठ्या, पावत्या, अर्ज, सांगावे, सगळे काही. हिलारियोनचे पत्र १९०४ साली छापून जगापुढे आले. म्हणजे ज्या पत्रात मुलीला टाकून दे असे लिहिले होते, ते पत्रही शेवटी कचऱ्यातच सापडले.

पहिल्यांदा हे पत्र वाचले तेव्हा मला वाटले, हा माणूस राक्षस असला पाहिजे. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा तो राक्षस वाटेना. बायकोवर जीव असलेला, घरच्या लहानग्याची आठवण काढणारा, पगाराची वाट पाहणारा साधा माणूस वाटला. तेच मला जास्त जड गेले. राक्षसाने केलेले पाप आपण राक्षसाच्या पदरात टाकून मोकळे होतो. इथे ती सोय नाही. म्हणून मी विचारायला लागलो की ज्या समाजात असा माणूस असे वाक्य इतक्या सहज लिहितो, त्या समाजात तान्ह्या मुलाचे स्थान काय होते?

आधी ग्रीस देशाकडे पाहू. अथेन्स शहरात मूल जन्मले की दारावर खूण लावत. मुलगा असला तर ऑलिव्हच्या डहाळीची माळ, मुलगी असली तर लोकर. पाचव्या दिवशी (कोणी सातवा म्हणतात) बाळाला उचलून घरातल्या चुलीभोवती फिरवत. दहाव्या दिवशी नाव ठेवत. आपल्याकडच्या पाचवी-बारशाची आठवण यावी असेच हे सारे आहे. फरक इतकाच की चुलीभोवती फिरवण्याआधी बाप ठरवीत असे, हे मूल घरात घ्यायचे की नाही. तोपर्यंत ते जन्मलेले होते, पण घरातले नव्हते. आईने नऊ महिने पोटात वागवले, तिच्या मताला कायद्यात जागा नव्हती. घ्यायचे नाही असे ठरले तर मुलाला मडक्यात घालून नेऊन ठेवत. रस्त्याच्या कडेला, देवळापाशी, नाहीतर माळावर. ग्रीक भाषेत यासाठी जो शब्द होता त्याचा अर्थ 'बाहेर ठेवणे' एवढाच होतो. मारणे नव्हे, बाहेर ठेवणे. शब्द किती सोवळा असतो पाहा! मूल थंडीने गेले, कुत्र्याने ओढले, तर ते बापाने मारले असे होत नसे.

अरिस्टॉटलसारख्या थोर विद्वानाने राज्यशास्त्रावरच्या ग्रंथात लिहून ठेवले की व्यंग असलेले मूल वाढवू नये, असा कायदा असावा. सगळीकडे मात्र एकच रीत नव्हती. थीब्ज या ग्रीक शहरात मूल टाकायला बंदी होती, असे एलियन नावाच्या जुन्या लेखकाने नोंदवले आहे. तिथला गरीब बाप अगदीच अडला तर त्याने मूल अधिकाऱ्यांकडे आणायचे; अधिकारी ते थोड्या पैशांत कोणाला तरी देत. घेणाऱ्याने ते पोसायचे आणि मोठे झाल्यावर त्याच्याकडून गुलाम म्हणून काम करून घ्यायचे. म्हणजे मुलाचा जीव वाचला, पण माणूसपण विकले गेले. हा त्यातल्या त्यात दयाळू कायदा!

स्पार्टाची गोष्ट तर पुष्कळांनी शाळेत ऐकली असेल. मूल जन्मले की म्हातारे पंच तपासणार आणि अशक्त दिसले तर डोंगराच्या कपारीत टाकणार. ही गोष्ट प्लुटार्क या लेखकाने लिहिली, पण ज्या काळाबद्दल लिहिली त्याच्यानंतर सातशेहून अधिक वर्षांनी. ज्या घळीला लोक ती जागा म्हणत आले, तिथे शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा मोठ्या माणसांची आणि तरुणांची हाडे मिळाली, तान्ह्यांची नाहीत. तेव्हा ही गोष्ट सांगताना जरा जपून सांगावी. अथेन्सच्या जुन्या बाजारातल्या एका विहिरीत सुमारे ४५० अर्भकांची हाडे सापडली होती. तिथेही पूर्वी लोकांनी भलते तर्क केले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की यातली बहुतेक बाळे आजाराने किंवा बाळंतपणातच गेलेली होती. ज्या काळात औषध नाही, दवाखाना नाही, त्या काळात तान्ह्याचे हाड सापडले म्हणून लगेच आईकडे बोट दाखवू नये.

रोममध्ये बापाचा अधिकार याहून कडक. इसवी सनापूर्वी ४५० च्या सुमारास रोमच्या लोकांनी आपले कायदे बारा फलकांवर लिहून काढले. त्यात अगदी विद्रूप मूल जन्मले तर लवकर संपवावे, असे कलम होते. घरातल्या मुलांवर बापाचा जीव घेण्यापर्यंतचा हक्क चाले. आठव्या दिवशी मुलीचे आणि नवव्या दिवशी मुलाचे शुद्धीकरण होऊन नाव ठेवत. भाजीबाजारात एक खांब होता, त्याला 'दुधाचा खांब' म्हणत. अंगावर पिणारी बाळे लोक तिथे आणत, असे एका जुन्या कोशात लिहिले आहे. भाजी घ्यायला येणाऱ्या बायकांनी त्या खांबाजवळून जाताना काय पाहिले असेल, काय ऐकले असेल, मी पुष्कळदा मनाशी विचार करतो.

इथे कोणी म्हणेल, गरिबी होती, खायला नव्हते, म्हणून टाकत असतील. खरे आहे. पीक बुडाले, कर्ज झाले, घरात आधीच चार तोंडे, आणि दिवस जाणे टाळण्याचा खात्रीचा उपाय नाही. मुलीला पुढे हुंडा द्यावा लागे, तीही धास्ती होती. पण सगळे पाप गरिबाच्या माथी मारू नका. सम्राट ऑगस्टसच्या नातीला मूल झाले, तेव्हा ती बदनाम होऊन शिक्षा भोगत होती. ऑगस्टसने ते मूल ओळखायला आणि पोसायला मनाई केली. सम्राट क्लॉडियसने सोडलेल्या बायकोची मुलगी आपली नाही असे म्हणून त्या तान्हीला तिच्या आईच्या दारात उघडीनागडी टाकायला लावले. या घरांत भाकरीची काय कमी होती? पहिल्या शतकातला मुसोनियस रुफस हा रोमचा तत्त्ववेत्ता तर श्रीमंतांच्या तोंडावर बोलला. घरात भरपूर असून तुम्ही धाकटी मुले वाढवत नाही, कारण थोरल्यांच्या वाट्याला जास्त इस्टेट यावी. भावंड देण्यापेक्षा पैसा देणे तुम्हाला मोठे वाटते. चिमण्यापाखरांजवळ काय आहे? तरी ती आपली पिल्ले भरवतातच ना, असे त्याने विचारले. मुलींनाही मुलांसारखेच तत्त्वज्ञान शिकवावे, असे सांगणारा हाच माणूस. त्याचे नाव आपल्या लेकींना सांगण्यासारखे आहे.

आता मूल टाकताना आईबापांच्या मनात काय असे, ते पाहा. पुष्कळ जण ते मेलेच पाहिजे म्हणून टाकत नसत. जिथे माणसांची वर्दळ आहे अशा जागी ठेवत. गळ्यात एखादा मणी, अंगठी, कापडाचा तुकडा, अशी खूण बांधत. पुढेमागे ओळख पटेल अशी आशा. ग्रीक नाटककार मेनांडरच्या एका नाटकात एक मेंढपाळ आणि एक कोळसे पाडणारा, दोघेही साधी माणसे, सापडलेल्या बाळाबरोबरच्या दागिन्यांवरून भांडतात आणि वाटेने जाणाऱ्या एका म्हाताऱ्याला पंच करतात. तो म्हातारा निघतो त्या बाळाचा सख्खा आजोबा! नाटकात असे होते. खुणा जुळतात, आई सापडते, शेवट गोड होतो. रोम्युलस आणि रेमस यांना तर लांडगी दूध पाजते आणि त्यांतला एक रोम शहर वसवतो. लोकांना अशा गोष्टी इतक्या का आवडल्या असतील? ज्यांनी मूल ठेवून पाठ फिरवली, त्यांना रात्री झोप यायला अशी एखादी गोष्ट लागत असेल.

खऱ्या जगात मूल कोण उचली? काही वेळा मूल नसलेले जोडपे. अमेरिकन इतिहासकार जॉन बॉसवेल यांनी १९८८ साली पुस्तक लिहून मांडले की टाकलेली बहुतेक मुले कोणी ना कोणी उचलून वाढवली. इतर अभ्यासकांना हे फारच आशावादी वाटते. मरणारी पुष्कळ होती असे ते म्हणतात. पण जगणाऱ्यांचे काय झाले यावर फारसा वाद नाही. उचलणाऱ्याला ते मूल मुलासारखे वाढवता येई, नाहीतर गुलाम म्हणून. मर्जी त्याची. बाजारातून गुलाम विकत घ्यायला पैसे पडत. उकिरड्यावरचे मूल फुकट होते, दुधाचा खर्च तेवढा करायचा. दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने उघड लिहिले की टाकलेल्या मुलामुलींना वेश्याव्यवसायासाठी वाढवले जाते. तिथे जाणाऱ्याला कळतही नसेल की समोरचे मूल आपलेच रक्त आहे. कायदा कागदावर म्हणे की स्वतंत्र आईच्या पोटचे मूल टाकले म्हणून गुलाम होत नाही. पण जन्माचा पुरावा कोण आणणार? मडक्यातले मूल बोलते थोडेच?

इजिप्तमधल्या ग्रीक बोलणाऱ्या लोकांत उकिरड्याला 'कोप्रिया' म्हणत. त्यावरून माणसांची नावे पडली, 'कोप्रेउस' आणि तशीच आणखी. हे वाचले आणि मी थबकलो, कारण माझ्या आईच्या थोरल्या भावाचे नाव कचरू. आधीची दोन मुले दगावली, म्हणून आजीने तिसऱ्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवले. शेजारीण आधीच ठरल्याप्रमाणे आली, तिने उचलले, पसाभर जोंधळ्याला परत आजीला 'विकले'. टाकाऊ मालावर मरणाची नजर पडत नाही, अशी समजूत. आपल्या किती घरांत कचरू, केरबा, धोंडू, दगडू आहेत! आजीचे टाकणे लटके होते, चार पावले गेली तरी तिचे डोळे सुपावरच असणार. कोप्रेउस नावाच्या इजिप्शियन माणसांतही अशी लटकी टाकलेली मुले असतील, खरीच टाकलेली असतील, आणि आजोबाचे नाव नातवाला म्हणून ठेवलेलीही असतील. अभ्यासक अजून यावर भांडतात. एवढे खरे की तिथे उकिरड्यावरून मूल उचलणे इतके नेहमीचे होते की रोमच्या सरकारने त्यावर नियम केला होता. इजिप्शियन माणसाने असे मूल दत्तक घेतले तर त्याच्या मरणानंतर त्याच्या मालमत्तेचा चौथा हिस्सा सरकारजमा. गुलाम करा, चालेल. मुलगा करा, तर दंड!

त्याच ऑक्सिरिंकस गावातला एक खटला मी मुद्दाम सविस्तर सांगणार आहे. यातली माणसे सम्राट नाहीत, तत्त्ववेत्ते नाहीत. नवरा त्रिफोन, धंद्याने विणकर. घरात पिढीजात माग. बायको सारेयस. त्रिफोनची नजर पुढे पुढे अधू झाली. डोळ्यांत मोतीबिंदू असल्याने इसवी सन ५२ मध्ये त्याला सरकारी कामातून मोकळे केल्याचा कागदही सापडला आहे. हातावर पोट असलेले घर. सारेयसला मुलगा झाला, आपियोन. तो अंगावरून सुटला आणि तिने दुसऱ्याचे मूल दूध पाजायला घेतले. त्या काळी असे करार सर्रास होत, आणि गरिबाच्या बाईचे दूध हीही एक कमाई होती.

ते दुसरे मूल उकिरड्यावरचे होते. पेसूरिस नावाच्या माणसाने ते मुलगा आहे असे पाहून उचलले, हेराक्लास असे नाव ठेवले आणि सारेयसकडे पाजायला दिले. दोन वर्षांचा मेहनताना ठरला, पावत्या झाल्या. मग दोघांतले एक बाळ गेले.

पेसूरिस म्हणाला, गेले ते तुझे. जिवंत आहे तो माझा हेराक्लास. सारेयस म्हणाली, गेला तो हेराक्लास. हा माझा आपियोन आहे. इसवी सन ४९ मध्ये प्रकरण जिल्ह्याच्या अधिकाऱ्यापुढे उभे राहिले, आणि सुनावणीची नोंद आज आपल्याला वाचायला मिळते. पेसूरिसचा वकील सांगतो की या बाईने पैसे घेतले, पावत्या आमच्याकडे आहेत. मुलाला ती उपाशी ठेवत होती म्हणून मालकाने त्याला परत नेले. मग ही घरात घुसली आणि मूल पळवून घेऊन गेली. सारेयसचे म्हणणे थोडक्यात आहे. मी माझे मूल अंगावरून तोडले होते, यांचे मूल माझ्या हाती दिले, मी आठ स्टाटेर नाणी घेतली, ते मूल वारले, आता हे माझ्या पोटचे मूल न्यायला निघाले आहेत.

वकिलाच्या भाषणातली गोष्ट खरी धरली तरी एक चित्र डोळ्यांपुढून जात नाही. बाई परक्याच्या घरात घुसते आणि मूल कडेवर घेऊन बाहेर पडते. वकिलाच्या तोंडी तो गुन्हा आहे. आपण आयाबहिणींनी तो काय म्हणायचा?

अधिकाऱ्यापुढे कागद पेसूरिसच्या बाजूचे होते. त्याने काय केले, तर मुलाच्या तोंडाकडे पाहिले. चेहरा सारेयससारखा दिसतो, तेव्हा तिने आणि नवऱ्याने उकिरड्यावरचे मूल वारले असे लिहून द्यावे, घेतलेले पैसे परत करावे आणि आपले मूल ठेवावे, असा निकाल त्याने दिला. रक्ततपासणी नाही, दाखला नाही. नाकडोळे तेवढे साक्षीला. आईवर गेलेला मुलगा म्हणून सुटला. बापावर नाहीतर आत्यावर गेला असता तर?

निकालानेही भांडण मिटले नाही. त्रिफोनने पुढे थेट रोमच्या प्रांताधिपतीकडे अर्ज केला. समोरचा माणूस निकाल पाळत नाही, माझ्या मुलाला गुलाम करू पाहतो आणि मी हातकाम करणारा माणूस असून मला माझे कामही करू देत नाही, अशी त्याची तक्रार आहे. मागावर बसणाऱ्याचे काम बुडाले की त्या दिवशीची चूल बुडते, हे आपल्या वाचकांना मी काय सांगायचे?

या सगळ्या कागदांत मला खटकते ते वेगळेच. एका घरात, एकाच बाईच्या अंगावर दोन बाळे होती. एक आमचा आपियोन, दुसरे कोणाचा तरी माल. पेसूरिसला कोणते बाळ जगले याने काही फरक पडत नव्हता. त्याचे पैसे गुंतले होते, त्याला कोणताही एक मुलगा हवा होता. हेराक्लास गेला. त्याच्यासाठी कोणी अर्ज केला नाही. अधिकाऱ्याने विचारले ते इतकेच की तो मेला असे लिहून देता का. कशाने मेला, त्याला शेवटी दूध मिळाले का, उकिरड्यावर त्याला कोणी ठेवले होते, ती बाई त्याच गावात राहत होती का, यातले काहीच कोर्टाच्या कामाचे नव्हते. सारेयसकडे मी बोट दाखवत नाही. पण तिने त्या बाळाला पाजले होते, आणि ते गेले तेव्हा त्याच्यासाठी रडायला तिला सवड मिळाली असेल असे मला वाटत नाही. तिचे स्वतःचे मूल ओढून नेत होते.

असे प्रश्न फक्त एका गावाचे नव्हते. इसवी सन १११ च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमचा अधिकारी बिथिनिया प्रांतावर होता. आजच्या तुर्कस्तानच्या उत्तरेचा हा भाग. त्याने सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारले की जन्माने स्वतंत्र, पण टाकली गेलेली आणि गुलामीत वाढलेली मुले मोठी होऊन स्वातंत्र्य मागतात, त्यांचे काय करावे? आणि ज्यांनी पोसले त्यांचा खर्च कोणी द्यावा? ट्राजनने उत्तर दिले की अशांना हक्क सांगण्यापासून अडवू नये, आणि पोसण्याचा खर्च भरून त्यांनी आपले स्वातंत्र्य विकत घ्यावे अशीही अट घालू नये. तुझ्या दुधाचे, तुझ्या भाकरीचे पैसे आधी टाक आणि मग माणूस हो, असे म्हणता येणार नाही, हा त्याचा अर्थ. हे उत्तर मी दोनदा वाचले. सम्राटांचे कौतुक करण्याची मला सवय नाही, पण हे उत्तर चांगले आहे.

याच ट्राजनच्या काळात इटलीत गरीब मुलांना दरमहा पैसे देण्याची योजना चालली. व्हेलेया या गावचा ब्रॉन्झचा पत्रा १७४७ साली सापडला, त्यावर आकडे कोरलेले आहेत. औरस मुलाला महिना १६ सेस्टर्स, मुलीला १२. एका यादीत मुलगे २४५ आणि मुली ३४. याचा अर्थ बाकीच्या मुली टाकल्या होत्या असा लगेच काढू नये. मुलाला जास्त पैसे मिळत म्हणून आईबापांनी मुलाचेच नाव घातले असेल. पण २४५ आणि ३४! आकडा डोळ्यांत खुपतो तो खुपतोच.

पुढचे कायदे थोडक्यात सांगतो. सम्राट कॉन्स्टंटाईनने गरीब आईबापांना अन्नवस्त्र द्यावे, म्हणजे ते मूल टाकणार नाहीत, असा हुकूम काढला. पण ३३१ साली त्यानेच ठरवले की उचलणाऱ्याने मुलाला हवे तर मुलगा करावे, हवे तर गुलाम, आणि टाकणाऱ्याला ते परत मागता येणार नाही. ३७४ साली अर्भकहत्येला देहान्त शिक्षा आली आणि आपले मूल आपण वाढवलेच पाहिजे असाही कायदा झाला. ५२९ साली सम्राट जस्टिनियनने लिहिले की टाकलेले मूल, ते कोणाच्याही पोटचे असो, स्वतंत्रच समजावे; कोणीही त्याला गुलाम करू नये. हेराक्लास उकिरड्यावर सापडला त्याला तोपर्यंत जवळजवळ पावणेपाचशे वर्षे झाली होती. मुले टाकणे काही त्यानंतरही थांबले नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. मुसोनियसच्या शिष्यांत एपिक्टेटस नावाचा एक जण होता. हा जन्माने गुलाम, पायाने अधू. मालकाने मोकळे केल्यावर रोममध्येच शिकवू लागला. सम्राट डोमिशियनने तत्त्ववेत्त्यांना हाकलले तेव्हा ग्रीसमधल्या निकोपोलिस गावी जाऊन राहिला. त्याच्या रोममधल्या घराला कडी लागत नसे, कारण आत गवताची गादी आणि चटई याखेरीज चोरण्यासारखे काही नव्हते. लग्न केले नाही; आयुष्यभर एकटा. म्हातारपणी त्याच्या कानावर आले की त्याचा एक मित्र गरिबीमुळे आपले मूल टाकून देणार आहे. त्याने ते मूल मागून घेतले. पण एकट्या, लंगड्या म्हाताऱ्याला तान्हे मूल कसे झेपणार? म्हणून त्याला पाजायला-सांभाळायला त्याने एक बाई घरात आणली. त्याच्या ग्रंथावर भाष्य लिहिणाऱ्या सिंप्लिकियसने हे दोन ओळींत नोंदवून ठेवले आहे. मुलाचे नाव त्याने लिहिलेले नाही, बाईचेही नाही.